एका सीटचं विमान

निंबा आबा वारले तेव्हा प्रेमराजला रडू आलं नाही. बाप गेला, थोरला मुलगा म्हणून त्याने आग दिली, आणि घरी येऊन पाहुण्यांना पाण्याचे तांबे पुरतात की नाही ते पाहिलं. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला त्यांचं गाव. तिथे लोक दारावर येत राहिले, ओट्यावर बसून आबांच्या आठवणी काढत राहिले, बाया आत जाऊन त्याच्या आईच्या, झुंबरबाईच्या गळ्यात पडल्या. प्रेमराज मान हलवत उभा. उत्तरकार्याच्या दिवशी, गंधमुक्तीला, त्याने डोकं भादरून घेतलं, पंगतीत भात वाढला, आणि जळगावला परत येऊन दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं.

दुकान म्हणजे दातांची लॅब. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, त्यावरून प्रेमराज कवळ्या करून देतो. वय पंचावन्न, त्यातली तीस वर्षं दुसऱ्यांच्या हिरड्या घडवण्यात गेलेली. अर्ध्या जळगावला ह्यांनीच चावायला लावलं, असं त्याची बायको रूपाली चारचौघांत सांगते, आणि त्यात फार खोटं नाही.

दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की आपलाच ओठ आपल्याला परका वाटतो. प्रेमराजला आबा गेल्यापासून सगळ्या अंगाचं तसं झालं होतं. दुखत नव्हतं, जड वाटत नव्हतं, जेवण जात होतं, झोप लागत होती. एक-दोन नातेवाइकांनी 'काळीज दगडनं शे यानं' असं कुजबुजून घेतलं, ते त्याच्या कानावर आलं. त्याला राग आला असता तरी बरं झालं असतं. आपलं बापावर प्रेम होतं की नव्हतं, एवढंच एकदा त्याच्या मनात आलं, आणि मग कुणाची तरी खालची कवळी द्यायची होती.

आता आबांचं सांगायला हवं. गावात त्यांना निंबा म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. हवाई दलात भरती झालेला गावातला तो पहिला माणूस. पहिल्या सुटीला निळ्या कपड्यांत एसटीतून उतरला आणि ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "पायलट उना रे!" झालं. गावाने एकदा नाव लावलं की ते पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. तेव्हापासून घर पायलटचं, विहीर पायलटची, प्रेमराज पायलटचा पोरगा, आणि झुंबरबाई लग्न होऊन आली तीच पायलटीण म्हणून. आबा यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. मिशीत हसायचे आणि कपाशीला फवारणी कधी करायची ते विचारायचे.

प्रेमराज पाच वर्षांचा झाल्यावर शाळेसाठी आई-बापापासून दूर, आजोबांजवळ गावात राहिला, त्यामुळे बाप तिकडे अंबाल्याला नेमकं काय करतो ते त्याने पाहिलं नव्हतं. मोठेपणी थोडी शंका आली होती, पण बापाला असं विचारायचं कसं? उत्तर मिळालं ते आबा गेल्यावर. झुंबरबाईच्या पेन्शनचे कागद घेऊन तो धुळ्याला माजी सैनिकांच्या कचेरीत गेला, तेव्हा आबांचं नोकरीचं जुनं पुस्तक पहिल्यांदा त्याच्या हातात आलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: फिटर. विमानाच्या सांगाड्याची देखभाल. पंधरा वर्षं, तेच. समोरच्या कारकुनाने शिक्का मारला, प्रेमराजने पुस्तक पिशवीत टाकलं आणि धुळ्याच्या स्टँडवर येऊन उसाचा रस प्यायला. कुणाला सांगायची गरज त्याला वाटली नाही. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात पायलटीण म्हणून ती पहिल्या खुर्चीवर बसायची. तिला काय सांगणार होता तो?

दिवाळीनंतर सरपंच धनसिंगचा फोन आला.

"प्रेमराजभो, नवी अभ्यासिकाले पायलट आबानं नाव देवानं ठरनं शे. वर्षश्राद्धना दिवसच उद्घाटन. पन नुसता फोटो लाईसन काय मज्या? एखादं इमान ठेवू काचना पेटीमा. तू बारीक काम करस, करी दे ना."

प्रेमराज बरं म्हणाला. त्या वर्षी तो सगळ्यालाच बरं म्हणत होता. पुढच्या रविवारी गावी गेला तेव्हा त्याने आईच्या कानावर घातलं. झुंबरबाई तूर निवडत होती. ती थांबली.

"नुसतं इमान नको," ती म्हणाली. "इमान सरकारनं व्हतं. तुना बाप दिसाले पाहिजे त्यामा."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईने आबा गेल्यापासून मुलाजवळ काही मागितलं नव्हतं. जळगावला चल म्हटलं तर आली नाही, गुडघ्याचं ऑपरेशन करू म्हटलं तर नको म्हणाली. मागितलं ते हे एवढंच. प्रेमराज हाव म्हणाला आणि माळ्यावर चढला, कारण विमान माळ्यावरच होतं.

त्याची एक गोष्टच आहे. आबा नोकरी सोडून कायमचे घरी आले तेव्हा दहा वर्षांच्या प्रेमराजसाठी त्यांनी एक खोका आणला होता. विलायती कंपनीचा संच: प्लास्टिकच्या चौकटीत लागलेले सुटे भाग, ते तोडायचे, चिकटवायचे, की टीचभर लढाऊ विमान तयार. विमान नॅट. आबांनी आयुष्य काढलं ते याच जातीच्या विमानावर. पोरगं आनंदाने उड्या मारत होतं. आबांनी खोका उघडला, भाग हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "हे आपलं नाही. हे दोन सीटचं, शिकाऊ लोकांचं. आपलं एका सीटचं." मग पेन्सिल कानावरून काढून ते सूचनांच्या कागदावर चुका लिहीत बसले. दोन दिवस लिहीत होते. तोवर उघड्या राहिलेल्या नळीतला गोंद वाळून खडखडीत झाला, खोका माळ्यावर गेला आणि प्रेमराज हिरमुसून विटीदांडू खेळायला गेला. पंचेचाळीस वर्षांनी त्याने तो कागद पुन्हा उलगडला.

सगळी पेन्सिल विमानाच्या पोटावर होती. 'इथे झाकण गोल पाहिजे, चौकोनी नव्हे.' 'चाकांची दारं हवेत ब्रेक म्हणून अर्धीच उघडतात.' 'इथे भोक नाही. इथून हात जात नाही.' 'ही नळी दाखवलेली नाही, हिच्यातून तेल गळतं.' वरच्या बाजूला, पायलट बसतो तिथे, 'एक सीट' एवढेच दोन शब्द. प्रेमराजने ते सगळं एखाद्या डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसं वाचलं आणि कागद घडी करून ठेवला.

जळगावला दुपारी दोन ते चार लॅबमध्ये कुणी येत नाही. त्या वेळात काम सुरू झालं. खोक्यातल्या दोन सीटच्या विमानाचं एका सीटचं करायचं म्हणजे वरवरचं काम नव्हे. मागची सीट काढायची, नाक आखूड करायचं, पंख छाटायचे, पाठीचा कणा नव्याने भरायचा. खऱ्या विमानाचे आराखडे मोबाइलवर मिळाले. खोक्यावर एकास बहात्तर असं प्रमाण छापलं होतं, तेव्हा प्रत्येक मापाला बहात्तरने भागलं की झालं. प्रेमराजने करवतीच्या बारीक पात्याने विमानाची मानच कापली. मग पाठीतला खड्डा भरायला त्याने विचार न करता हात लांब केला तो रोजच्या डब्याकडे: कवळीची पावडर आणि तिचं पातळ औषध. तीस वर्षांची सवय. दोन्ही कालवून त्याने पाठीत भरलं आणि चहा प्यायला गेला. परत येऊन बघतो तर विमानाची पाठ खचलेली, एक पंख तापल्या मेणासारखा मुडपलेला. ते औषध त्या प्लास्टिकला खातं. हे साधं ज्ञान कुठल्याही हौशी पोराला असतं, पण कवळ्या करणाऱ्या कारागिराला असायचं कारण नव्हतं.

रूपाली डबा घेऊन आली होती. तिने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, काय करून राहिले तुम्ही? आबांनी आणलेलं होतं ना ते!"

"हो," प्रेमराज म्हणाला. त्याला हळहळ वाटायला हवी होती. त्याने बिघडलेला भाग कापून बाजूला ठेवला आणि मेण तापवायला घेतलं.

यापुढे त्याने विमान कवळीसारखंच केलं. पाठ, नाक आणि बिघडलेला पंख मेणात कोरले, प्लास्टरच्या साच्यात दाबले, मेण उकळून काढलं, त्या जागी कवळीचा गुलाबी मसाला भरून गरम पाण्यात शिजवला, कारण शिजून घट्ट झाला की तो प्लास्टिकला खात नाही. साचा फोडल्यावर हिरडीच्या रंगाचं नाक बाहेर आलं, फेविक्विकने उरलेल्या विमानाला बसलं, आणि दोन आठवडे नॅट असं दिसत होतं की आता हसेल. वरची काच पिवळी पडली होती. रात्री दात खाणाऱ्यांसाठी प्रेमराज पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचे साचे ओढतो, त्याच मशीनवर नवी काच ओढली. सांध्यांच्या उठलेल्या रेघा घासून काढल्या आणि मेण कोरायच्या सुईने आत कोरल्या. चौकटीचा उरलेला तुकडा स्पिरिटच्या दिव्यावर धरून ताणला की केसासारखी तार होते. तिची आबांनी सांगितलेली नळी केली. गोल झाकण केलं. चाकांची दारं अर्धी उघडी लावली. पोटाखालचं काम आबांच्या कागदाबरहुकूम एकूण एक झालं. ओळखीचे एक डॉक्टर येऊन भिंगातून बघून गेले आणि म्हणाले, "प्रेमराजभाऊ, एवढं बारीक काम तुम्ही आमच्या पेशंटचं कधी केलं नाही." प्रेमराज हसला. हसायचं असतं म्हणून हसला.

राहिला माणूस. संच दोन सीटचा, म्हणून चौकटीत पायलटही दोन होते, बोटाच्या पेराएवढे. एक सीटवर जाणार, एक उरला. त्या उरलेल्या पायलटशी प्रेमराज एका दुपारी खेळत बसला. तापलेल्या सुरीने त्याचे पाय गुडघ्यात कापून दुमडून लावले, माणूस उकिडवा बसला. शिरस्त्राण घासून टोपी केली. एक हात वर केला, चाकाच्या दारात घातला. पाठीला थोडा बाक दिला. विमानाच्या पोटाखाली ठेवून तो मागे सरकला. विहिरीवरची मोटर बिघडली की आबा असेच बसायचे: उजवा हात आत, मान डावीकडे, जगाकडे पाठ.

रूपाली रिकामा डबा न्यायला आली आणि दारातूनच थबकली. "अगं बाई," ती म्हणाली, "हे तर आबा!"

तिला कागदातलं काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. नुसत्या पाठीवरून तिने सासरा ओळखला. प्रेमराजच्या छातीत काहीतरी हललं. त्याने नीट लक्ष देऊन पाहिलं तेव्हा ते थांबलेलं होतं.

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले असताना धनसिंगचा पुन्हा फोन आला.

"काचनी पेटी उनी बरं का. पाटीबी रंगी लिधी, 'पायलट निंबा आबा अभ्यासिका'. आबा बठेल शेत ना इमानमा बराबर? पोरे येतीन तं पह्यले त्यासलेच देखतीन."

प्रेमराजने समोर पाहिलं. वरची सीट रिकामी होती, खाली आबा काम करत होते. खाली ठेवले तर कुणीतरी विचारणारच, हा कोण? मग सांगावं लागेल. मग पाटी पुसावी लागेल, किंवा पाटी तशीच ठेवून लोक तोंड लपवून हसतील. त्याचं त्याला काही वाटलं नसतं. वाटणं बंदच होतं. पण आईचं काय? पन्नास-पंचावन्न वर्षं जी पायलटीण म्हणून जगली, तिला भर गावात, वर्षश्राद्धाच्या दिवशी, फिटरची बायको करायचं? तिने एक मागितलं होतं. ते तिला मान खाली घालायला लावून द्यायचं?

"बठाडसू," तो म्हणाला.

दुसरा पायलट त्याने सीटवर बसवला, पट्टे रंगवले, काच लावून टाकली. खालच्या माणसाला चिमट्याने उचललं. ठेवायचा तर कुठे ठेवायचा, आणि कुणी पाहिला तर काय सांगायचं? टेबलाखाली प्लास्टरच्या चुऱ्याची बादली होती, तीत टाकला. सकाळी घंटागाडी आली, रूपालीने बादली रिकामी केली. प्रेमराज तेव्हा विमानाच्या शेपटीवर तिरंगा काढत होता.

उद्घाटनाला गाव लोटलं होतं. मुख्याध्यापकांनी आबांच्या शौर्यावर भाषण केलं, त्यात दोन-तीन विमानं पाडलीसुद्धा. फीत कापली, पेढे वाटले. मग झुंबरबाईला पुढे आणलं. जांभळं लुगडं, कपाळ मोकळं, हातात काठी. काचेच्या पेटीतलं विमान खरोखर देखणं झालं होतं. पोरांनी तोंडात बोटं घातली होती. झुंबरबाईने वरून पाहिलं. मग टेबलाला धरून ती वाकू लागली. दुखरे गुडघे, तरी वाकली, तिचा चेहरा चाकांच्या उंचीला आला तिथे थांबली, आणि विमानाच्या पोटाखाली बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत या टोकाला.

"अक्का, वर देखा, वर!" धनसिंग म्हणाला. "आबा वर बठेल शेत."

लोक मायेने हसले. म्हातारीला दिसत नसावं. झुंबरबाई सावकाश उठली, सगळ्यांकडे बघून तिने हात जोडले आणि छान झालं म्हणाली.

दुपारी पाहुणे पांगल्यावर ती खाटेवर टेकली. रूपाली मागे भांडी घासत होती. प्रेमराज आईजवळ खाली बसला.

"खाले कोनीच नही," झुंबरबाई म्हणाली.

"आबा वर शेत ना माय. देखं नही का तू?"

"देखं. तो कोन शे?"

प्रेमराजने मान वर केली.

"अंबालाले त्यासना कपडा नऊ वरीस धोयात मी," ती म्हणाली. "दोन्ही गुडघास्ले काळं तेल. निघता निघे ना. पायलट काय गुडघावर बठीसन इमान चलावस का?"

"मंग गावले काबं नही सांगं कधी?"

"गाव आपलं कौतुकखातर म्हने. त्यासलेबी गंमत वाटे. गावनं नाव बाहेर. घरमा त्या फिटरच व्हतात. इमान उडनं का, ते परत ये तोपावत घास तोडेत नहीत. आपला हातनं काम, म्हनेत, वर दुसरानं पोरगं शे. ताट वाढीसन मी बसू, आनि त्या वर देखत बसेत. तो मानूस मी वळखस. वर बठाडेल तो कोना कोन शे, मले काय माहीत?"



"मी तुले एकच सांगेल व्हतं," झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यात राग असता तर त्याने तो सोसला असता. "एवढं बारीक दार करं तू. चाक करात, झाकन करं. एक मानूस नही करता उना तुले?"

नाही आला, असं म्हणता आलं असतं. म्हातारीने ते मानलंही असतं.

"करा व्हता, माय," तो म्हणाला. "आबाच व्हतात. रूपालीनी वळखात. मीच टाकी दिन्हात."

"कोठे?"

"कचरामा."

बापाला आग देतानाही त्याला काही वाटलं नव्हतं. आता तो एक शब्द स्वतःच्या तोंडून ऐकला आणि आपण काय केलं ते त्याला कळलं. वर्षभर त्याने बाप गेला असं नुसतं लोकांना सांगितलं होतं. आता त्याला तो गेलेला दिसला, पाठमोरा, उकिडवा, प्लास्टरच्या चुऱ्यात. पंचावन्न वर्षांचा प्रेमराज खाटेच्या माचव्याला डोकं टेकून मोठ्याने रडू लागला. आवाज ऐकून रूपाली ओल्या हातांनी धावत आली. झुंबरबाईने तिला दारातच थांबवलं आणि त्याला रडू दिलं.